एका मोठ्या थांब्याने मागे पडलेले कण: रँडम वॉकमधल्या दुर्मीळ घटना लॅपटॉपवर कशा मोजायच्या

रँडम वॉकचं, म्हणजे योगायोगाने पावलं टाकत जाणाऱ्या कणाचं, सिम्युलेशन हल्ली फिजिक्सचा कुठलाही विद्यार्थी बसल्या बसल्या लिहितो, पण त्यातले बहुतेक जण एकच आलेख काढून थांबतात, कणांचा घोळका मधोमध कसा पसरलाय त्याचा, आणि कडेला जे चार-दोन ठिपके इकडेतिकडे पडलेले असतात त्यांना "नॉइज आहे, आकडे कमी आहेत" म्हणून सोडून देतात. जिथे कण अडकत-अडकत पुढे सरकतात तिथे हीच मोठी चूक आहे असं माझं ठाम मत आहे, कारण अशा ठिकाणी खरी गोष्ट त्या कडेच्या ठिपक्यांतच असते, आणि ते ठिपके नियमाने वागतात, त्यांचं एका ओळीचं सूत्र आहे, ते सूत्र बारावीच्या गणितात मांडता येतं. हा लेख ते सगळं स्वतः करून बघण्यासाठी आहे. पायथन आणि नमपाय (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) थोडंफार येत असेल तर एका संध्याकाळचं काम.

आधी हे कशासाठी ते सांगतो. जमिनीखालच्या पाण्यात कुठेतरी केमिकल पाझरलं की ते साफ करायची एक जुनी पद्धत म्हणजे पंप अँड ट्रीट, पाणी उपसायचं, शुद्ध करायचं. सुरुवातीला प्रदूषण झपाट्याने उतरतं, सगळे खूश होतात, मग आकडा एका जागी रेंगाळायला लागतो, वर्षानुवर्षं थोडं थोडं येतच राहतं, आणि पंप बंद केला की काही काळाने परत चढतो. कारण पाणी वाहतं भेगांतून आणि वाळूच्या मोकळ्या पट्ट्यांतून, पण काही रेणू बाजूच्या दगडात किंवा चिकणमातीत शिरून बसतात आणि कधी बाहेर येतील त्याचा भरवसा नसतो. सरासरी रेणू केव्हाच निघून गेलेला असतो, पण पाणी पिण्यालायक आहे का ते ठरतं मागे राहिलेल्यांवरून. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्येही पाणी मुख्यतः भेगा आणि झिजलेल्या थरांमधूनच फिरतं, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका नाही.

अशा हालचालीसाठी जे मॉडेल वापरतात ते एलियट माँट्रोल आणि जॉर्ज वाइस यांनी १९६५ मध्ये मांडलं, कंटिन्युअस टाइम रँडम वॉक, म्हणजे कण एका जागी थांबतो, मग उडी मारतो, परत थांबतो, आणि प्रत्येक थांब्याची लांबी रँडम असते. १९७५ मध्ये हार्वी शेर आणि माँट्रोल यांनी तेच मॉडेल अमॉर्फस (स्फटिकासारखी रचना नसलेल्या) पदार्थांतल्या विद्युतप्रवाहाला लावलं, फोटोकॉपी मशीनमध्ये वापरायचे तसल्या पदार्थांना, आणि नंतर शेर आणि ब्रायन बर्कोविट्झ यांनी ते भूजलापर्यंत नेलं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कोलंबस इथे १९८६ मध्ये जमिनीत ब्रोमाइड सोडून ते कसं पसरतं ते मोजायचा मोठा प्रयोग झाला होता, तिथे बराचसा ब्रोमाइड सोडल्या जागेच्या आसपासच रेंगाळला आणि एक पातळ टोक लांबवर पुढे गेलं, नेहमीच्या घंटेच्या आकाराशी काही मेळच नाही. तेव्हापासून त्या जागेच्या डेटावर लोक अजून वाद घालतात.

आता कामाला लागू.

पायरी १: आकडे ठरवून टाका

मी मुद्दाम सोपे आकडे घेतोय म्हणजे हाताने पडताळा घेता येईल. कण एका रेषेवर आहे, प्रत्येक उडी बरोबर १ एकक पुढे. प्रवाह एका दिशेने आहे असं समजा. उडीत गोंधळ घालायचा असेल तर नंतर घाला, आत्ता नको, कारण आपल्याला थांब्यांचा परिणाम निव्वळ बघायचाय. थांबा कमीत कमी १ सेकंदाचा, आणि थांबा "ल" सेकंदांपेक्षा मोठा असण्याची शक्यता १ भागिले ल चा अल्फा घात. अल्फा १.५ घेऊ.

हा अल्फा सगळ्या गोष्टीचा कणा आहे. तो २ पेक्षा मोठा असेल तर थांब्यांचा व्हेरिअन्स (पसाऱ्याचं माप) ठरावीक राहतो, अनंत होत नाही, आणि घोळक्याचा मधला भाग नेहमीच्या गाउसियनसारखा, म्हणजे घंटेच्या आकारासारखा, वागतो. १ पेक्षा लहान असेल तर थांब्याची सरासरीच अनंत होते, अडकणं हीच रोजची गोष्ट होऊन बसते, दुर्मीळ वगैरे काही राहत नाही, आणि खालचं सूत्र तिथे चालत नाही. शेर-माँट्रोलचे पदार्थ त्या दुसऱ्या गटातले. आपण मधल्या पट्ट्यात आहोत, १ आणि २ च्या मध्ये, जिथे सरासरी आहे पण व्हेरिअन्स नाही, आणि दुर्मीळ घटनांची खरी मजा याच पट्ट्यात आहे.

आपल्या आकड्यांत सरासरी थांबा ३ सेकंद येतो, कारण सरासरी म्हणजे अल्फा भागिले अल्फा वजा १. एकूण वेळ १०,००० सेकंद ठेवू. म्हणजे एक सामान्य कण साधारण ३,३३३ उड्या मारेल. कण घ्या १ लाख.

पायरी २: थांबे तयार करा, आणि इथे डोळे उघडे ठेवा

० ते १ मधला रँडम नंबर घ्यायचा आणि त्याचा उणे दोन-तृतीयांश घात काढायचा, झाला थांबा. रँडम नंबर ०.००१ आला तर थांबा १०० सेकंद, दहा लाखात एखाद्या वेळी येतो तसा ०.०००००१ आला तर थांबा १०,००० सेकंद, म्हणजे आपलं पूर्ण सिम्युलेशनच त्यात संपलं. एका कणाला तीन हजारांवर थांबे, १ लाख कणांचे मिळून ३३ कोटी, तर एवढे मोठे थांबे सगळ्या गर्दीत मिळून तीनशेच्या वर येणारच. दहा लाखात एक म्हणजे कधीच नाही असं वाटत असेल तर हा हिशोब एकदा कागदावर करून बघा.

दोन गोष्टी सांभाळा. नमपायचा रँडम नंबर ० असू शकतो पण १ नसतो, म्हणून घात काढायच्या आधी १ मधून तो वजा करून घ्या, नाहीतर शून्याने भागाकार होऊन अनंत लांबीचा थांबा तयार होईल. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे आणि ती कुठलाही एरर देत नाही. वेग यावा किंवा ग्राफिक्स कार्ड वापरता यावं म्हणून बरेच जण ३२ बिटचे फ्लोट घेतात, त्यात रँडम नंबरला २४ बिटची अचूकता मिळते, म्हणजे लहानात लहान नंबर २ चा उणे २४ वा घात, आणि त्यातून निघणारा मोठ्यात मोठा थांबा होतो ६५,५३६ सेकंद. त्याच्या वर कधीच काही येणार नाही. १०,००० सेकंदांच्या सिम्युलेशनमध्ये हे कळणारही नाही, पण वेळ १० लाख सेकंद केला की शेपूट, म्हणजे आलेखाचा कडेचा दुर्मीळ भाग, कापलेलं निघेल आणि तुम्ही बसाल त्याचं भौतिक कारण शोधत. ६४ बिटच वापरा, ही कंजुषी करायची जागा नाही.

पायरी ३: लूप

प्रत्येक कणासाठी तीन गोष्टींचा ॲरे ठेवा: घड्याळ, जागा, आणि आतापर्यंतचा सगळ्यात मोठा थांबा. ही तिसरी गोष्ट बहुतेक जण ठेवत नाहीत आणि नंतर पस्तावतात. सगळ्या १ लाख कणांना एकदम एकेक थांबा द्या, घड्याळ पुढे सरकवा, ज्यांचं घड्याळ अजून १०,००० च्या आत आहे त्यांना १ उडी द्या, ज्यांचं पुढे गेलं ते गोठवा. सगळे गोठले की लूप संपला. कणावर कण असा दुहेरी लूप पायथनमध्ये लिहू नका, कंटाळून जाल.

शेवटचा थांबा मात्र नीट हाताळा. कण थांबलेला असतानाच वेळ संपतो, त्यामुळे त्या थांब्याची उडी मोजायची नाही, आणि सगळ्यात मोठा थांबा लिहून ठेवताना त्याची पूर्ण लांबी घ्यायची नाही, वेळ संपेपर्यंत जेवढा झाला तेवढाच घ्यायचा. कोड चालतो, आलेख येतो, आणि इथे गफलत झाली असेल तर पुढचा पडताळा कधीच जुळत नाही, म्हणून एवढं सांगतोय.

पायरी ४: पिछाडी काढा

कण सामान्यपणे जिथे असायला हवा होता ती जागा म्हणजे एकूण वेळ भागिले ३. कणाची खरी जागा भागिले ही अपेक्षित जागा, आणि ते १ मधून वजा, याला आपण पिछाडी म्हणू. पिछाडी ० म्हणजे कण वेळेवर, ०.५ म्हणजे निम्म्या रस्त्यावरच, १ म्हणजे जागचा हललाच नाही. बरेच कण किंचित पुढेही जातात, त्यांची पिछाडी उणे येते, पण पुढची बाजू झटकन संपते कारण १ सेकंदापेक्षा छोटा थांबाच नाही, फार पुढे जायला वावच नसतो. शेपूट फक्त मागच्या बाजूला आहे.

आता साधा हिस्टोग्राम काढलात तर शून्यापाशी एक उंच सुळका आणि उजवीकडे सपाट काहीतरी दिसेल, त्यात काही कळत नाही. त्याऐवजी कणांना पिछाडीप्रमाणे चढत्या क्रमाने लावा आणि प्रत्येक किमतीसाठी "यापेक्षा जास्त पिछाडी असलेले किती टक्के" असा आलेख काढा, दोन्ही अक्ष लॉग. बिन किती रुंद घ्यायचा हा वादच मिटतो आणि एकेक कण आलेखात दिसतो.

पायरी ५: सूत्र, आणि ते कुठून आलं

यातली कल्पना मला फार आवडते. मुंबईहून पुण्याला यायला कोणाला पाच तास उशीर झाला तर तो प्रत्येक सिग्नलला दोन-दोन मिनिटं जाऊन झालेला नसतो, एकदाच कुठेतरी, बहुतेक बोरघाटात, गाडी अडकलेली असते. अल्फाच्या या पट्ट्यात कणांचं अगदी तसंच आहे. खूप मागे पडलेला कण हा अनेक मध्यम थांब्यांची बेरीज नसतो, त्याला एकच राक्षसी थांबा लागलेला असतो आणि बाकी सगळं नेहमीसारखं. गणितात ही गोष्ट जुनी आहे, रशियन गणिती चिस्त्याकोव यांनी १९६४ मध्ये सुट्या रँडम नंबरांच्या बेरजेसाठी ती मांडली होती, आणि अलीकडे २०१९ च्या सुमारास वेझानी, बार्काई आणि बुरिओनी यांनी भौतिकशास्त्रातल्या मॉडेलांसाठी, जिथे कालमर्यादा, शेवटचा अर्धवट थांबा असल्या भानगडी असतात, तिथे ती नीट वापरून दाखवली. तिला सिंगल बिग जंप म्हणतात.

हे एकदा पटलं की सूत्र आपोआप सुटतं. समजा पिछाडी झ पेक्षा जास्त हवी, एकूण वेळ ट. मग कुठला तरी एक थांबा ट गुणिले झ पेक्षा मोठा पाहिजे, आणि एवढा थांबा वेळेत बसायचा तर तो ट वजा ट गुणिले झ या क्षणाच्या आधी सुरू झालेला पाहिजे. तेवढ्या काळात सरासरी किती थांबे सुरू होतात? तो काळ भागिले ३. प्रत्येक थांबा एवढा मोठा निघण्याची शक्यता? ट गुणिले झ चा उणे १.५ घात. दोन्ही गुणा, झालं:

पिछाडी झ पेक्षा जास्त असण्याची शक्यता = (१ ÷ ३) × (१ ÷ √ट) × (१ − झ) ÷ (झ चा १.५ घात)

एवढंच. ट ला १०,००० ठेवा, झ ला ०.५, उत्तर येतं ०.००४७, म्हणजे १ लाख कणांपैकी साधारण ४७० कण निम्म्या वाटेपर्यंतही पोचलेले नसतात. झ ०.९ घ्या, साधारण ३९ कण. तुमच्या आलेखावर हे सूत्र काळ्या रेषेने काढा आणि बघा, झ ०.२ च्या पुढे ठिपके रेषेवर बसलेले दिसले पाहिजेत. ०.१ च्या खाली ते रेषेपासून सुटायला लागतील, ते बरोबरच आहे, तिथे अनेक मध्यम थांबे मिळून काम करतात आणि एकट्या राक्षसाची सत्ता चालत नाही. सूत्रात झ शून्याकडे नेलं तर शक्यता अनंताकडे पळते, बघून घाबरू नका, ते सूत्र त्या भागासाठी नाहीच. ज्यांना हे खटकतं त्यांच्यासाठी सांगतो, असल्या, एकूण बेरीज १ न येणाऱ्या, घनतेचा रीतसर अभ्यास झालाय आणि तिला इन्फिनिट डेन्सिटी म्हणतात.

आता तुलनेला गाउसियन घ्या. याच घोळक्याचा स्टँडर्ड डेव्हिएशन पिछाडीच्या मापात ०.०९४ आहे, ०.५ म्हणजे त्याच्या पाचपटीच्याही पुढे (पाच सिग्मा), आणि गाउसियन म्हणतो की असे कण १० कोटींत सहाएक सापडतील. खरं उत्तर हजारात पाचच्या जवळ. विहिरीच्या पाण्याचा निर्णय यातल्या कुठल्या आकड्यावर घ्यायचा ते वेगळं सांगायला नको.

पायरी ६: एकेका कणाची झडती घ्या

सूत्र जुळलं म्हणजे कारणही तेच आहे असं नाही, म्हणून तो तिसरा ॲरे आता बाहेर काढा. आडव्या अक्षावर प्रत्येक कणाचा सगळ्यात मोठा थांबा भागिले एकूण वेळ, उभ्या अक्षावर त्याची पिछाडी. समजा एक कण १,३०० वर अडकलेला सापडला, पिछाडी ०.६१. त्याचा सगळ्यात मोठा थांबा बघितला तर तो ६,१०० च्या आसपास असायला हवा, कारण उरलेले ३,९०० सेकंद सामान्य गतीने चालला तर बरोबर १,३०० उड्या होतात. असे सगळे मागासलेले कण एका तिरप्या रेषेला चिकटून बसलेले दिसतात आणि डावीकडे खाली कोपऱ्यात फक्त एक गोंधळलेला ढग राहतो. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगात हा एकच आलेख जपून ठेवण्यासारखा आहे, सूत्रापेक्षाही जास्त, कारण तो कोणालाही दाखवला की मुद्दा न बोलता कळतो.

एक पथ्य: तुमच्या डेटात ठिपके रेषेवर न बसता ढग वरपर्यंत पसरला असेल तर तिथे दुसरीच यंत्रणा आहे. उदाहरणार्थ थांबे एक्स्पोनेन्शियल असतील (म्हणजे लांब थांब्यांची शक्यता फार झपाट्याने कमी होत असेल) आणि कण दोन्ही दिशांना छोट्या उड्या मारत असतील, तर फार लांब पोचलेले कण हे नेहमीपेक्षा खूप जास्त उड्या मारलेले कण असतात, आणि शेपूट जवळपास सरळ एक्स्पोनेन्शियल पडतं. बार्काई आणि बुरोव यांनी २०२० मध्ये दाखवलं की ही एक्स्पोनेन्शियल शेपटं अशा मॉडेलांत सर्रास येतात, बारकावे काहीही असोत. तेही दुर्मीळ, हेही दुर्मीळ, पण कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि नुसत्या शेपटाच्या आकारावरून अंदाज बांधण्यापेक्षा कणाची झडती घेणं कधीही बरं.

पायरी ७: वेळ बदलून सगळं एका रेषेवर आणा

१,००० सेकंद, १०,००० सेकंद आणि १ लाख सेकंद असे तीन वेळा चालवा. अर्ध्या वाटेच्या मागे राहणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे ०.०१५, ०.००४७ आणि ०.००१५ यायला हवं. आता प्रत्येक आलेखाच्या उभ्या अक्षाला वेळेच्या वर्गमुळाने गुणा, तिन्ही एकावर एक बसले पाहिजेत. १,००० वाला थोडा हलेल, ते चालायचंच.

मग व्हेरिअन्स बघा, इथे लोक सर्वात जास्त फसतात. जागेचा व्हेरिअन्स वेळेच्या १.५ घाताने वाढतो (सरळ सूत्र: ३ वजा अल्फा), आणि त्यातला मोठा वाटा मूठभर कणांचा असतो. वरचं सूत्र वापरून हिशोब केला तर कळतं की अर्ध्या वाटेच्या मागे असलेले जे हजारात पाच कण, ते एकटे व्हेरिअन्सचा जवळपास चौथा हिस्सा देतात, आणि पिछाडी ०.१ च्या पुढचे, म्हणजे दहातला एक कणही पुरता नाही, ते ६५ टक्के देतात. त्यामुळे तुम्ही १,००० कणच घेतले तर व्हेरिअन्सच्या आकड्यात १३-१४ टक्क्यांची चूक धरून चाला, गाउसियनमध्ये ती साडेचार टक्के असती. आणि "वेळ वाढवू, म्हणजे सुधारेल" असं अजिबात नाही, वेळ १० लाख सेकंद केला तर त्याच १,००० कणांत ही चूक ४४ टक्क्यांच्या घरात जाते, कारण मोठे थांबे आणखी दुर्मीळ होतात पण प्रत्येकाचं वजन वाढतं. वेळ वाढवला की कणही वाढवावे लागतात.

आणखी एक चांगली कसोटी: नुसता दुसरा मोमेंट (विचलनाच्या वर्गाची सरासरी) न बघता विचलनाच्या निरपेक्ष किमतीचे ०.५ पासून ४ पर्यंतचे वेगवेगळे घात घेऊन त्यांची सरासरी वेळेनुसार कशी वाढते ते काढा. घात १.५ च्या खाली असेल तर वाढीचा दर घात भागिले अल्फा, त्याच्या वर असेल तर घात अधिक १ वजा अल्फा, आणि आलेखाला बरोबर अल्फापाशी कोन पडतो. खालची बाजू घोळका ठरवतो, वरची बाजू मागे पडलेले कण.

पायरी ८: घड्याळ कधी सुरू केलं ते स्वतःला विचारा

आतापर्यंत सगळे कण शून्य वेळेला ताजे सोडलेत असं धरलंय, म्हणजे पहिला थांबाही तिथूनच सुरू. ट्रेसर (प्रवाहाचा माग काढायला मुद्दाम सोडलेला पदार्थ, वरच्या ब्रोमाइडसारखा) आत्ता टोचला तर हे ठीक आहे. पण प्रदूषण वीस-तीस वर्षं आधीपासून जमिनीत मुरलेलं असेल आणि आपण मोजायला आज सुरुवात केली, तर आज बघताना बरेच कण एखाद्या लांबलचक थांब्याच्या मध्येच सापडतील, कारण लांब थांब्यात कण असतानाच आपण पोचू याची शक्यता जास्त. अशा वेळी पहिला थांबा वेगळ्या नियमाने काढावा लागतो. आपल्या आकड्यांसाठी कृती अशी: एक-तृतीयांश वेळा ० ते १ मधला कुठलाही नंबर हाच थांबा, उरलेल्या दोन-तृतीयांश वेळा रँडम नंबरचा उणे २ घात. बाकीचे थांबे आधीसारखेच.

एवढ्याशा बदलाने काय होतं बघा. १०,००० सेकंदांत जागचे अजिबात न हललेले कण ताज्या सुरुवातीत १ लाखात एकसुद्धा मिळायची मारामार, आणि मुरलेल्या सुरुवातीत ते ६६७ च्या आसपास. अर्ध्या वाटेच्या मागचे कण ४७० वरून १,४०० च्या वर, तिप्पट. व्हेरिअन्स बरोबर दुप्पट. पहिल्या एका थांब्याने! घोळक्याच्या मधल्या भागात मात्र काही फरक दिसत नाही, म्हणून मधला भाग बघून मॉडेल पास करणाऱ्यांना हे कधी कळतच नाही. भूजलाच्या कामात टोचलेल्या ट्रेसरवरून अल्फा काढून तो तसाच जुन्या प्रदूषणाला लावायचा असेल तर ही पायरी सोडूच नका.

पायरी ९: फारच दुर्मीळ असेल तर मोठा थांबा मुद्दाम घाला

वेळ १० लाख सेकंद आणि झ ०.९ घेतलं तर १ लाख कणांत चारच सापडतात. चार कणांवर काय बोलणार. कण वाढवत बसण्यापेक्षा युक्ती करा. १०,००० सेकंदांच्याच उदाहरणावर सांगतो, अर्ध्या वाटेच्या मागचे कण मोजायचेत. १ ते ४,००० मधला एक क्रमांक रँडम निवडा, कण नेहमीसारखा चालवा, फक्त त्या क्रमांकाचा थांबा सक्तीने ३,००० सेकंदांपेक्षा मोठा काढा, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने काढायचा आणि ३,००० ने गुणायचा. शेवटी तीन गोष्टी तपासा: तो थांबा वेळ संपायच्या आत सुरू झाला का, कण अर्ध्या वाटेच्या मागे आहे का, आणि वेळेत सुरू झालेले ३,००० पेक्षा मोठे थांबे एकूण किती. पहिल्या दोन्हींचं उत्तर हो असेल तर १ भागिले तो आकडा एवढं श्रेय द्या, नाहीतर शून्य. सगळ्यांची सरासरी काढून ती ०.०२४३ ने गुणा. हा आकडा म्हणजे ४,००० गुणिले एक थांबा ३,००० पेक्षा मोठा असण्याची शक्यता.

श्रेय भागायचं कारण असं की एखाद्या कणाला दोन मोठे थांबे लागले असतील तर तो दोन वेगवेगळ्या क्रमांकांवरून दोनदा मोजला जातो. आणि सक्तीची सीमा ५,००० न ठेवता ३,००० ठेवली कारण उरलेला उशीर थोडा इतर थांब्यांतूनही येऊ शकतो, सीमा घट्ट केली तर ते कण हातातून निसटतात. जे कण ३,००० चा एकही थांबा न लागता मागे पडले, ते साध्या सिम्युलेशनमधून मोजून वर मिळवा, फार थोडे असतात. या पद्धतीत पाचातला जवळपास एक प्रयत्न कामी येतो, साध्या पद्धतीत दोनशेतला एक. झ ०.९ ला तर फरक आणखी मोठा.

खऱ्या डेटाला हात लावताना

अल्फा काढायला लॉग-लॉग आलेखावर पट्टी ठेवून रेषा मारू नका, शेपटातले मोजके ठिपके ती रेषा हवी तशी वाकवतात. थांबे थेट मोजता येत असतील, उदाहरणार्थ सूक्ष्मदर्शकाखाली कण ट्रॅक करताना, तर ठरावीक सीमेच्या वरचे सगळे थांबे घ्या, प्रत्येकाला सीमेने भागून त्याचा नैसर्गिक लॉग घ्या, त्यांची बेरीज करा, आणि थांब्यांची संख्या भागिले ती बेरीज, हा अल्फाचा मॅक्सिमम लाइकलिहुड अंदाज (ज्या अल्फाने हा डेटा येण्याची शक्यता सर्वात जास्त तो). मग सीमा वरखाली करून बघा, आकडा स्थिर राहिला पाहिजे. ट्रॅकिंगची वेळ संपल्याने अर्धवट राहिलेले थांबे बिनधास्त गाळून टाकू नका, सगळ्यात मोठे थांबे त्यांच्यातच असतात, ते गाळले की अल्फा खोटा मोठा येतो. विहिरीच्या डेटात थांबे दिसत नाहीत, फक्त ट्रेसरचं प्रमाण वेळेनुसार दिसतं, तिथे अगदी उशिराचा उतार १ अधिक अल्फा या घाताने पडतो, त्यावरून अल्फा काढतात.

शेवटी वरची मर्यादा शोधा, कारण निसर्गात अल्फा घाताने उतरणारं शेपूट कायमचं चालत नाही. भेगेशेजारच्या दगडाचा ठोकळा ठरावीक जाडीचा असतो, रेणू त्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन परत यायला जो वेळ लागतो त्यापेक्षा फार मोठे थांबे एक्स्पोनेन्शियलने तुटतात. ठोकळ्याच्या जाडीचा वर्ग भागिले त्या दगडातला डिफ्यूजनचा गुणांक, एवढ्या हिशोबातून हा काळ अंदाजे कळतो. तुमचा निरीक्षणाचा काळ त्याच्यापेक्षा बराच कमी असेल तर वरचं सूत्र वापरा, त्याच्या जवळ आलात तर थांबे त्या काळापाशी एक्स्पोनेन्शियलने तोडून पायरी २ पासून सिम्युलेशन परत चालवा आणि पायरी ७ चे तीन आलेख कुठल्या वेळेपासून एकमेकांपासून सुटतात ते बघा, कारण त्या वेळेच्या पुढे या सूत्राने केलेलं कुठलंही भाकीत ग्राह्य धरता येत नाही.